पाचांपैकी तीन

गेल्या महिन्यात चंद्रपूरच्या एका कॉलेजने मला व्याख्यानाला बोलावलं. विषय त्यांनीच ठरवला होता, प्रभावी नेतृत्वगट कसा उभारावा. मला माझ्याच गटाने काढून टाकलं हे त्यांना माहीत नसावं. किंवा माहीत असेल आणि दुसरं कोणी मिळालं नसेल. मी गेले, चाळीस मिनिटं बोलले. माणसं निवडताना काय बघावं, मतभेद कसे हाताळावेत, सगळं व्यवस्थित सांगितलं. मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं, प्राचार्यांनी शाल दिली. परत येताना रिक्षात ती शाल मांडीवर घेऊन बसले आणि स्वतःचाच इतका राग आला की घर यायच्या आधीच उतरून चालत निघाले. त्या चाळीस मिनिटांत मी एकाही माणसाबद्दल खरं बोलले नव्हते. ते इथे लिहून ठेवते आहे.

मी घुग्घुसची. वडील कोळशाच्या खाणीत, तीन पाळ्यांत आयुष्य गेलेले. घरी आजोबांपासून बुद्धवंदना आणि अभ्यास या दोन गोष्टी चुकत नसत, बाकी काहीही चुकलं तरी चालायचं. शिकले, सिमेंटच्या कारखान्यात कार्मिक विभागात लागले आणि तिथे एकोणीस वर्षं काढली. दर सोमवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत बैठक व्हायची. लांब टेबल, टोकाला साहेब, आणि भिंतीला लागून एका खुर्चीवर मी, इतिवृत्त लिहायला. टेबलाशी बसलेल्यांपैकी निम्म्यांना कामगारांची नावंही माहीत नसत. मला सगळ्यांची माहीत होती, पण मला कोणी विचारत नसे. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचे निर्णय सुवाच्य अक्षरात उतरवले.

म्हणून गडचिरोलीकडच्या काही गावांनी मिळून काढलेल्या कंपनीला मुख्य अधिकारी हवा आहे असं कळलं तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच अर्ज केला. जंगलातली गावं. मोहफुलं, चारोळी, हिरडा, मध गोळा करणारी. व्यापाऱ्याला देण्याऐवजी आपणच साफ करून, पॅक करून विकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. ऑफिस वडशाला, धानाच्या एका जुन्या गोदामात. कितीही झाडलं तरी संध्याकाळी टेबलावर कोंड्याचा थर असायचा. शेजारी एका नाटक कंपनीचं ऑफिस होतं. दिवाळीनंतर तिकडच्या तालमी सुरू झाल्या की आमच्या बैठकीत मधूनच कुणीतरी भिंतीपलीकडून हंबरडा फोडायचं.

मी पहिलं काम काय केलं असेल तर टेबल बनवून घेतलं. गोल टेबल, सागवानी. सुताराला दोनदा सांगावं लागलं, कारण ऑफिसला गोल टेबल कशाला हे त्याला पटेना. पण मला टोक नको होतं. टोकच नसेल तर टोकाला बसणारा साहेबही नसेल, असा माझा हिशोब. आता हसू येतं. टेबलाचा आकार बदलून माणूस बदलला असता तर सुतारांना केवढा मान मिळाला असता.

मग माणसं निवडली. तिघांना मी निवडलं. विक्री बघायला नागपूरचा एक चुणचुणीत गडी, जो झोपेतही ग्राहकाशी बोलत असावा. गोदाम आणि गाड्या बघायला वडशाचाच एक जण, राईस मिलवर वाढलेला, नुसत्या वासावरून माल ओला की सुका सांगणारा. प्रक्रिया बघायला सिंदेवाहीची एक मुलगी, अन्नतंत्र शिकलेली. ती मुलाखतीला आली तेव्हा तिचा आवाज कापत होता. मी तिला पाणी दिलं, पंखा वाढवला आणि म्हटलं, घाई नाही, बस. ती माझ्यासारखीच होती, म्हणजे भिंतीच्या खुर्चीवरची. तिला मी टेबलाशी आणणार असं तेव्हाच ठरवलं. बोलायचं कसं, मेल लिहायची कशी, पुरुष मध्येच तोडायला लागला तर वाक्य कसं पूर्ण करायचं, सगळं तिला मी शिकवलं. ठराव लिहायलाही मीच शिकवलं.

पाचवा माणूस गावांनी पाठवला. गोळा करण्याचं सगळं काम त्यांच्याकडे. साठीच्या पुढचे, एका गावचे गायता, म्हणजे गावाची पूजा आणि गावाचा शब्द दोन्ही सांभाळणारे. घरात गोंडी बोलत, आमच्याशी इकडची मराठी. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. नागपूरच्या गड्याने त्यांना पहिल्या दिवशी सर म्हटलं तर त्यांनी मागे वळून पाहिलं होतं.

भाऊ आले की आधी गोल टेबलाभोवती एक चक्कर मारत, मग दाराजवळच्या खुर्चीत बसत. मी कितीदा म्हटलं, टेबलाशी बसा. ते म्हणत, इथून रस्ता दिसते. कोण येऊन राह्यलं ते समजते.

पहिल्या वर्षी मी पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावला. दोन दिवसांचं शिबिर, विषय एकमेकांवरचा विश्वास. त्याचा एक खेळ होता. एकाने डोळे मिटून मागे पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. आम्ही सगळे पडलो. सिंदेवाहीची मुलगी तर इतकी छान पडली की प्रशिक्षकाने टाळ्या वाजवल्या. भाऊंची पाळी आली. ते म्हणाले, "काऊन पडाचं?" प्रशिक्षक म्हणाला, मागे माणसं आहेत ना झेलायला. भाऊ मागे बघून म्हणाले, "माणसं हायेत तं पडाचं कायले? बसून बोलू ना." आम्ही खूप हसलो. त्यांना शेवटपर्यंत कोणी पाडू शकलं नाही, म्हणजे त्या दिवशी तरी.

त्यांची एक सवय होती, आणि हे सगळं तिथूनच सुरू होतं. कुठलाही निर्णय व्हायची वेळ आली की ते विचारायचे, "कोण नाई आलं?" आमच्या पाचांत एक जरी रजेवर असला तरी त्यांचं म्हणणं, थांबू. फोन लावू म्हटलं तर म्हणायचे, "फोनवर हो म्हणते माणूस. तोंड दिसत नाई."

हे त्यांच्या गावातून आलेलं होतं. मी एकदा तिथल्या ग्रामसभेला बसले होते. बांबू कधी तोडायचा याची चर्चा होती. सगळ्यांचं जमलं, पण एक माणूस आला नव्हता आणि एकजण काही न बोलता उठून गेला होता. मी म्हटलं, झालं ना. भाऊ म्हणाले, अर्धं झालं. दुसऱ्या दिवशी चार माणसं त्या दोघांच्या अंगणात जाऊन बसली. पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली, मग विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? त्या दिवशी ते दोघे घर सोडून कुठे जात नाहीत. शेतात नाही, जंगलात नाही. लोक येणार, तर आपण सापडलो पाहिजे. एकाने तिथल्या तिथे हो म्हटलं. दुसऱ्याचं ऐकून तारीख आठ दिवस पुढे ढकलली. मग निर्णय झाला.

मला ते फार आवडलं होतं. इतकं की नागपूरच्या एका परिषदेत मी त्यावर चार स्लाइड दाखवल्या. अंगणाचा फोटोही टाकला होता.

पण आवडणं वेगळं आणि सोमवारची बैठक वेगळी. भाऊंच्या हिशेबाने चाललं की साधी पॅकिंगची पिशवी ठरवायला तीन आठवडे जायचे. शिवाय माझ्या मनात आणखी एक गाठ होती, ती मी कोणापाशी बोलले नव्हते. गावाचं एकमत हा शब्द ऐकला की मला माझे आजोबा आठवत. त्यांच्या गावातही सगळं एकमतानेच ठरायचं. फक्त त्या एकमतात आजोबा कधी नव्हते. विहीर कोणाची, रस्ता कुठून, हे गाव ठरवायचं आणि आजोबांना नंतर कळायचं. आमच्या घरात लिहिलेला नियम आणि प्रत्येकाचं एक मत या गोष्टींना देवघराची जागा होती. अंगणात बसून पाणी पिण्यावर माझा विश्वास कमी, कागदावर जास्त. ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. कागदाचं मी जे केलं ते चूक होतं.

तिसऱ्या वर्षी मोठी ऑर्डर आली. एका खाद्यपदार्थ कंपनीला मोहफुलं हवी होती, पण मातीला न लागलेली. म्हणजे झाडाखाली जाळी बांधायची, फुलं जाळीतच पडू द्यायची. नाहीतर लोक झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात आणि पहाटे खाली पडलेली फुलं वेचतात, त्यात राख आणि खडे येतात. जाळी बांधली तर आगही टळते. मला त्यात वाईट काही दिसेना. नागपूरचा गडी तर हवेतच होता. कंपनीला पंधरा दिवसांत उत्तर हवं होतं. आणि जाळी हवी होती सगळ्या गावांत, सगळ्या झाडांना.

भाऊ म्हणाले, विचारून सांगतो, आणि गेले. मोटरसायकलवर मागे बसून, कधी पायी, गावोगाव. दहा दिवसांनी आले. सगळी गावं तयार होती, एक सोडून. आणि त्या गावातही सगळे तयार होते, एक म्हातारी सोडून. तिची तीन झाडं होती, रस्त्याला लागून. तिचं म्हणणं साधं होतं. मालकाचं वेचून झालं की मागून पडलेली फुलं ज्यांना झाड नाही ते वेचतात. दोन विधवा होत्या, एक बाहेरून येऊन राहिलेलं कुटुंब होतं. जाळी बांधली तर सगळं मालकाच्या टोपलीत जाणार. मग राहिलेलं कोण वेचणार आणि काय वेचणार?

मी म्हटलं, भाऊ, एका म्हातारीची तीन झाडं. तिला सोडून देऊ. भाऊ म्हणाले, झाडाची गोष्ट नाही, ती बोलली ते ऐकून बाकीचे गप झाले. आता सगळ्यांना पुन्हा बसावं लागेल. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, "ते मी कसं सांगू, बाई? तिचं बरोबर का चूक, मंग पाहू. पण ऐकून तं घ्या."

मी ऐकून घेतलं नाही. खरं तर तिचं म्हणणं मला लगेच समजलं होतं. ज्यांना झाड नाही त्यांच्या बाजूने बोलणारी ती एकटीच होती, आणि मी त्यांचीच नात. पण त्या वेळी मला ऑर्डर दिसत होती आणि टेबल दिसत होतं. एकोणीस वर्षं वाट पाहून मिळालेलं टेबल, आणि त्याच्याशी बसून मला निर्णय घेता येत नाही, याचा संताप दिसत होता.

दुसऱ्याच दिवशी मी नियम लिहिला. पाचांपैकी तीन हजर असले की बैठक वैध. सूचना व्हॉट्सॲप गटावर टाकली की ती सर्वांना पोचली असं समजायचं. बैठकीआधी कोणी हरकत कळवली नाही तर संमती आहे असं धरायचं. गटातल्या कोणाचीही जबाबदारी बदलायचा अधिकारही आमच्याकडेच, कारण गावांच्या संचालक मंडळाने ते आमच्यावर सोडलं होतं. भाषा मीच केली. नेटकी, एकही शब्द जास्त नाही. नियम वाचून दाखवला तेव्हा भाऊ दाराजवळच्या खुर्चीत होते. ते म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात. मी त्याला होकार धरलं आणि इतिवृत्तात तसंच लिहिलं. तो होकार नव्हता हे मला लिहिताना माहीत होतं.

पुढे तीन दिवस झाले नाहीत तोच भाऊंच्या भावकीत कोणीतरी वारलं. ते गावी गेले. तिथे फोनला रेंज नसते, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. नागपूरचा गडी म्हणाला, मॅडम, आज ठरवलं नाही तर ऑर्डर गेली. मी गटावर सूचना टाकली. सूचनेखाली एकच करडी खूण राहिली, भाऊंपर्यंत ती पोचली नव्हती म्हणून दुसरी उमटलीच नाही. मी तासभर त्या खुणेकडे पाहत होते. मग बैठक घेतली.

दोन ठराव झाले. एक, ज्या गावांना आपला माल कंपनीला द्यायचा आहे त्यांनी सगळ्या झाडांना जाळी बांधावी. दुसरा, गोळा करण्याची जबाबदारी वडशाच्या माणसाकडे द्यावी आणि भाऊंनी यापुढे सल्लागार म्हणून राहावं. सल्लागार हा शब्द माझा. ज्याला विचारायचं नसतं त्याच्यासाठी याहून सभ्य शब्द मला सापडला नाही. सिंदेवाहीच्या मुलीने विचारलं, भाऊंना आधी सांगायचं का? तिचा आवाज पुन्हा पहिल्या दिवसासारखा कापत होता. मी म्हटलं, सूचना दिली आहे, आणि भावना बाजूला ठेवून काम करायला शीक. तिने मान डोलावली आणि ठराव लिहून काढला. छान लिहिला होता, मी एकच स्वल्पविराम बदलला.

भाऊंना ते आमच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून कळलं, जो जाळ्या टाकायला गावात गेला होता. ते ऑफिसला आले नाहीत, फोनही केला नाही. मी ठरवलं होतं की स्वतः जाऊन सांगायचं. अंगणात बसायचं, पाणी प्यायचं. वडशाहून जीपने अडीच तास. सोमवारी जाऊ म्हटलं, मग गुरुवारी, मग ऑर्डर पोचली की जाऊ. गेले नाही. वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगायची. वेळ होता. भीती वाटत होती. ते रागावतील याची नाही, ते रागावणार नाहीत याची.

खोटं कशाला बोलू, पुढचं वर्ष मजेत गेलं. सोमवारची बैठक वीस मिनिटांत संपायची. दाराजवळची खुर्ची कोणीतरी आत ओढून तिच्यावर प्रिंटर ठेवला. ऑर्डर वेळेत गेली, कंपनीने कौतुकाचं पत्र दिलं, ते मी फ्रेम करून लावलं. माझा गट असं मी म्हणायची, आणि म्हणताना छाती फुगायची. कारखान्यातल्या त्या साहेबाची मला आता कीव यायची.

मग पुढच्या मोसमात गावं गप झाली. आमच्याकडे कोणी भांडायला आलं नाही. इकडे लोक भांडत नाहीत, येणं बंद करतात. आधी म्हातारीच्या गावातून माल येईना, मग शेजारच्या दोन गावांतून. जाळ्या घड्या घालून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवलेल्या. मोह पुन्हा आठवडी बाजारातल्या व्यापाऱ्याकडे जायला लागला. वडशाचा माणूस गावात जाऊन विचारायचा तर लोक चहा द्यायचे, बसवून घ्यायचे आणि म्हणायचे, पाहू. तो वैतागून परत यायचा. तिथे नेमकं कोणाला विचारायचं हे त्याला कळत नव्हतं, आणि ज्याला कळत होतं तो सल्लागार होता.

मोठी कंपनी नाराज झाली. नागपूरचा गडी आधी माझ्याशी बोलायचा, मग माझ्याबद्दल बोलायला लागला. बैठकी संपल्यावर तिघे चहाच्या टपरीवर थांबायचे आणि मी आले की विषय बदलायचा. मला दिसत होतं. मी स्वतःला सांगायची, हा माझा गट आहे, मी घडवलेला.

त्या पावसाळ्यात आई पडली. कंबरेचं हाड मोडलं. मी घुग्घुसला गेले, तिथून चंद्रपूरच्या दवाखान्यात. आई शुद्धीत होती पण घाबरलेली, माझा हात सोडत नव्हती. फोन पर्समध्ये, पर्स कपाटात. नऊ दिवसांनी दुपारी डॉक्टर राउंडला आले म्हणून आम्हाला बाहेर काढलं, तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी फोन उघडला. गटावर सूचना होती, चार दिवसांपूर्वीची. खाली ठराव होता, दोन दिवसांपूर्वीचा. उपस्थिती तीन. हरकत आलेली नाही, सबब संमती आहे असं धरण्यात येत आहे. आजवरच्या योगदानाबद्दल आभार मानून यापुढे सल्लागार म्हणून.

भाषा ओळखीची होती. सबब हा शब्द माझा, योगदानाबद्दल आभार हे वाक्यही माझं. सिंदेवाहीच्या मुलीने लिहिलं होतं आणि मी शिकवल्याप्रमाणे एकही शब्द जास्त नव्हता. मी बाकावर बसून त्यात चूक शोधत राहिले. ती सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने नंतर मला वेगळा मेसेज पाठवला. त्यात काही लिहिलेलं नव्हतं, फक्त जोडलेले दोन हात.

संचालक मंडळातल्या कोणीही फोन केला नाही. नियमाप्रमाणे सगळं झालं होतं, आणि नियम माझा होता. मी भांडायला कुठे जाणार? पत्र लिहायला बसले, तीनदा फाडलं. आईला सांगितलं की रजा वाढवली आहे. ती म्हणाली, तुझ्यावाचून अडत असंल ना तिकडे. मी म्हटलं, हो.

दोनेक महिने मी चंद्रपूरच्या घरात बसून होते. एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला फाटक वाजलं. भाऊ. पांढरा सदरा, खांद्यावर पिशवी. भल्या पहाटे निघून, गडचिरोलीला एसटी बदलून आले होते. पत्ता ड्रायव्हरकडून घेतलेला. मी आत या म्हटलं. ते इकडे तिकडे बघून म्हणाले, अंगण नाही का तुमच्याकडे? नाही म्हटल्यावर पायरीवरच बसले. मी पाणी आणलं. सगळं पाणी प्यायले, तांब्या बाजूला ठेवला. आईची चौकशी केली. मग म्हणाले, "गावात गोष्ट निंगाली का तुमाले काढलं. म्हातारीनं विचारलं, तिले कोणी विचारलं का? कोणाले मालूम नाई. मंग म्हटलं, मीच जातो."

मी विचारलं, कशाला?

"विचाराले. सांगा, तुमचं काय म्हणणं हाय?"

इतक्या दिवसांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले आणि बोलत सुटले. नागपूरच्याने कसा डाव केला, वडशाच्याने कसं अंग काढून घेतलं, त्या मुलीला मी काय काय दिलं आणि तिने काय केलं. आई दवाखान्यात असताना, माझ्या पाठीमागे, मला एका शब्दाने न विचारता. रडले, शिव्या दिल्या, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तासभर तरी झाला असेल. मी थांबले तेव्हा भाऊ म्हणाले, अजून काही राहिलं का? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं, सांगतो गावात. पिशवी खांद्याला लावून उठले, दुपारची गाडी धरायची होती.

ते फाटकापर्यंत गेल्यावर मला कळलं की त्या तासाभरात मी त्यांच्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. चप्पल न घालता मागे धावले. म्हटलं, भाऊ, तेव्हा तुमचं काय म्हणणं होतं? मी यायला पाहिजे होतं. मी येणार होते.

ते फाटकाच्या कडीला हात लावून थांबले. रागावलेले नव्हते. मला ज्याची भीती वाटत होती तसेच होते.

"मोहाचे दिवस होते, बाई. घरचे सारे झाडाखाली. मी पंधरा दिवस आंगन सोडलं नाई. म्हटलं, कोणी येईन तं सापडलो पायजे."

एवढं बोलून त्यांनी फाटक लावून घेतलं आणि बसस्टँडकडे चालू लागले. तांब्या पायरीवरच होता. मी तो उचलून आत आणला.